शनिवारपर्यंत पुरणारं पीठ

शाळेतून आलेल्या वजनाच्या कार्डावर लाल शिक्का होता : ‘माता ध्यान दें.’

ज्योत्स्नाने ते कार्ड उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. कुशल, वय पाच वर्षं दोन महिने, वजन साडेचौदा किलो, आणि पुढे तो शिक्का. हाताने लिहिलेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण शिक्का म्हणजे हे वाक्य शाळेला इतकं लागतं की शाळेने त्याचा शिक्काच बनवून घेतला होता. ‘पिता ध्यान दें’ असा शिक्का शाळेकडे असल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

गेली पाच वर्षं दोन महिने तिने ध्यान देण्याशिवाय दुसरं केलं काय होतं? कुशल झोपेत कुशीवर वळला की ती उठून बसे. तो शिंकला की ती पंख्याकडे बघे, खोकला की खिडकीकडे. शिवाय ती गृहविज्ञानाची पदवीधर. शेवटच्या वर्षाला तिने ‘शालापूर्व बालकांचा आहार’ या विषयावर बत्तीस पानं लिहिली होती आणि बाईंनी त्यावर ‘उत्तम’ असा शेरा दिला होता. त्या उत्तम विद्यार्थिनीचं घरचं शालापूर्व बालक साडेचौदा किलो भरलं होतं, आणि महिन्याभराने पुन्हा तोललं जाणार होतं.

कुशल खात नव्हता असं म्हणता येणार नाही. तो खाण्यासमोर बसत होता. सव्वासहाला ज्योत्स्नाचा नवरा हेमराज उकव्याच्या बससाठी घराबाहेर पडे, कारण खाणीच्या ऑफिसातली त्याची हजेरी बालाघाटातल्या कोंबड्यांच्याही आधी लागत असे. बरोबर सातला शाळेसाठी प्रेमलालचा ऑटो गल्लीच्या तोंडाशी येऊन तीन हॉर्न मारी. पहिला म्हणजे आलो, दुसरा म्हणजे चला, तिसरा म्हणजे मी निघालो. मधल्या पाऊण तासात ज्योत्स्ना पोहे करायची, कुशलसमोर स्टूल घेऊन बसायची आणि त्याच्या तोंडाकडे पाहायची. त्याचं तोंड हललं की हिचंही हलायचं. तो एकच शेंगदाणा इकडच्या गालातून तिकडच्या गालात फिरवत राही, आणि तिसऱ्या हॉर्नला ताटली होती तशीच उरे. मग धावपळीत डब्यात बिस्किटांचा पुडा जायचा. कार्डाच्या मागच्या बाजूला शाळेतल्या दीपिका मॅडमनी तोही पुडा नोंदवून ठेवला होता : ‘टिफिन घर का बना हो.’

ही बातमी गल्लीत कुणी सांगितली हे कळायला मार्ग नाही. संध्याकाळी समोरची मंजू कोथिंबीर निवडायला म्हणून ज्योत्स्नाच्याच दारातल्या ओट्यावर येऊन बसली.

“भाभी, घाबरवत नाई मी तुमाले,” ती म्हणाली, म्हणजे आता ती घाबरवणार होती. “पन माह्या नणदेच्या जेठाचा पोरगा असाच होता. सीधा भरती करून घेतला दवाखान्यात. चौदा दिवस. आईसगट.”

“आईसगट काहून?”

“आईचीच तर गलती असते ना. रोज सकाळी वजन करतात. दोघायचंबी.”

ज्योत्स्नाने त्या रात्री हेमराजला हे सांगितलं. तो म्हणाला, “तुझं वजन केलं तर दोघांचं मिळून बरोबर बसते.” पाच मिनिटांनी त्याला कळलं की हे बोलायला नको होतं, आणि उरलेला आठवडा ते त्याला कळतच राहिलं.

उपाय सापडला तो फोनमध्ये. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी असलेली एक बाई, जिच्या मागे ना सासू दिसत होती ना सिलिंडर, ती सांगत होती की रविवारी मफिनचं पीठ एकदाच कालवून फ्रिजमध्ये ठेवा, रोज सकाळी दोन चमचे साच्यात टाका, वीस मिनिटांत गरमागरम, घरचं, पौष्टिक. शनिवारपर्यंत चिंता नाही. ज्योत्स्नाने तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. शनिवारपर्यंत चिंता नाही, हे वाक्य तिला आयुष्यात कुणीच म्हणालं नव्हतं.

रविवारी ती ओट्याशी उभी राहिली. कणीक, पिकलेली केळी, दही, गूळ, तेल, थोडा सोडा, मनुका. माप बारा मफिनांचं होतं; सहा दिवस, रोज दोन. कालवता कालवता दाट झालं म्हणून दूध घातलं, सैल झालं म्हणून कणीक घातली, आणि शेवटी तीन लिटरची दुधाची बरणी गळ्यापर्यंत भरली.

विमलाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या मूळच्या कटंगीकडच्या, आणि त्यांना स्वयंपाकघरात एवढं पीठ एकाच प्रसंगी पाहायची सवय होती.

“कोनाची तेरवी हाय वो?”

“तेरवी नाही, आई. मफिनचं पीठ आहे.”

“ते का असते?”

“केकसारखंच. लहान लहान.”

“मंग एकच मोठा कर ना. बारा लहान काहून?” आणि बरणी फ्रिजमध्ये जाताना पाहून त्यांचा आवाज बदलला. “भिजोलेलं पीठ रातभर ठेवत नसतात, बाई. पिंड समजून येतेत.”

“कोण?”

“ज्याले यायचं ते. नावं नाई घेत त्यायचे.”

यावर घराघरांत एक तोड असते. कणकेच्या गोळ्यावर बोटं उमटवून ठेवायची, म्हणजे तो पिंड दिसत नाही. विमलाबाईंनी बरणीत बोटं उमटवून पाहिली. पीठ सैल, बोटं काढली की खड्डे बुजत. तीनदा करून पाहिल्यावर त्यांनी बोटं चाटली, काही क्षण विचार केला, आणि झाकणावर लोखंडी अडकित्ता ठेवून फ्रिज लावून घेतला. रात्री कुणी आलं नाही. याचं श्रेय पुढे महिनाभर अडकित्त्याला मिळत राहिलं.

सोमवारी पहाटे ज्योत्स्नाने लग्नात आलेला ओव्हन खोक्यातून काढला, पुसला, साच्यात पीठ घातलं आणि बटण फिरवलं. टक्क असा आवाज झाला. ओव्हन गेला, पंखा गेला, फ्रिज गेला. शेजारच्या घरातूनही कुणीतरी “अरे” म्हटल्याचं ऐकू आलं.

ते मोतीलालकाका. विजेच्या खात्यातून लाइनवरची नोकरी करून रिटायर झालेले, एकटेच राहणारे, आणि गल्लीत कुठेही लाइट गेली की दहा वर्षांनी तरुण होणारे. एका हातात टॉर्च, एका हातात टेस्टर घेऊन ते चपला न घालताच आले.

“का लावलं होतं?”

ज्योत्स्नाने ओव्हन दाखवला. काकांनी त्याच्याभोवती एक फेरी घातली.

“बेटा, तुह्या घराचा लोड एक किलोवॅट. हा डब्बा एकटाच दीड मागते. मानूस दोन पोयांचा भुकेला अन् तू त्याले वीस वाढून राह्यली, तर तो का करन? उठून जाईन. लाइनबी उठून गेली.” मग त्यांनी लोड म्हणजे काय, मीटर म्हणजे काय आणि त्यांच्या काळी परसवाड्याच्या जंगलात खांब कसे रोवले जात, हे सगळं सांगितलं. त्यात तीनही हॉर्न होऊन गेले.

कुशल बिस्किटांचा पुडा घेऊन शाळेत गेला.

लोड वाढवायचा तर अर्ज. अर्ज विजेच्या ऑफिसात. ज्योत्स्ना मंगळवारी गेली तर खिडकी बंद, बुधवारी गेली तर खिडकी उघडी पण बाबू बंद, गुरुवारी दोन्ही उघडे. बाबूने अर्ज वाचला आणि ‘प्रयोजन’ या रकान्यावर पेन टेकवलं.

“मफिन. ये क्या है?”

“केक जैसा होता है. छोटा.”

“एक बार में कितने बनेंगे?”

ती खरं बोलणारी बाई. “बारह.”

“घर में सदस्य?”

“चार.”

बाबूने चष्म्यावरून पाहिलं. “मैडम, चार आदमी, बारह केक. ये तो बेकरी हुई. बेकरी का मीटर अलग लगता है.”

“नहीं, नहीं. बच्चे के नाश्ते के लिए है.”

“कितने बच्चे?”

“एक.”

“वजन कितना है बच्चे का?”

हा प्रश्न त्याने का विचारला देव जाणे. पण जखमेवर नेमकं बोट ठेवण्याचं सरकारी माणसाला काहीतरी अंगभूत ज्ञान असतं. ज्योत्स्ना इथेही खरंच बोलली. “साढ़े चौदह किलो.”

बाबूने शेजारच्या बाबूकडे पाहिलं. शेजारच्या बाबूनेही चष्म्यावरून पाहिलं. “साढ़े चौदह किलो का बच्चा,” पहिला सावकाश म्हणाला, “बारह केक खाता है.” आणि त्याने अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं : ‘स्थल निरीक्षण आवश्यक.’

ती घरी आली तेव्हा बरणी अर्धी झाली होती.

आता इथे एक नियम सांगायला हवा. आमच्याकडे शेजारच्या घरून भांडं आलं तर ते रिकामं परत जात नाही. जावयाचं घर असो की भांडणाचं, वाटीत काही नसलं तर चिमूटभर साखर तरी हवी. हा पहिला नियम. दुसरा नियम कुणी सांगत नाही, पण तोच खरा गोत्यात आणतो : परत करायची वाटी त्या वेळी नेमकी सापडत नाही, म्हणून वस्तू आपल्या वाटीत जाते. झालं. आता आपली वाटी तिकडे, त्यांची वाटी इकडे, आणि दोन्ही रिकाम्या परत जाऊ शकत नाहीत.

मागच्या गल्लीतल्या गीताकाकूंची वाटी लिंबाच्या लोणच्याबरोबर आली होती. ज्योत्स्ना बाबूच्या खिडकीपाशी उभी असताना विमलाबाईंनी ती वाटी पाहिली, घर पाहिलं, घरात भरून सांडेल असं एकच काही दिसलं, आणि त्यांनी ती मफिनच्या पिठाने भरून कुशलच्या हाती पाठवली. स्वतः त्या जाणार नव्हत्या. त्यांचे गुडघे फक्त देवळापर्यंत चालत. गीताकाकूंकडून जवसाची चटणी आली, ती मोठ्या डब्यात. तो डबा पिठाने भरून गेला. मंजूने कुशलला डबा नेताना पाहिलं आणि “का हाय त्यात” म्हणून अर्धं काढून घेतलं, आणि त्या डब्यात शेवया घातल्या. मोतीलालकाकांकडे तर वाटी नव्हतीच, त्यांनी कढई पाठवली.

“आई, ते कुशलच्या नाश्त्याचं होतं,” ज्योत्स्ना म्हणाली.

“हौ. पन तो खाऊन राह्यला का? अन्न फ्रिजात सडवाचं अन् लोकायची भांडी रिकामी धाडाची? लोक म्हणतीन, हेमराजच्या घरी काही उरलं नाई.”

पुढच्या रविवारी ज्योत्स्नाने दुप्पट पीठ कालवलं. हा तिचा हिशेबातला नव्हे, स्वभावातला दोष. मंगळवारपर्यंत ते संपलं. फ्रिज उघडला की आत परकी भांडी उभी असत, नावं कोरलेली : कुठे ‘सौ. मंजू’, कुठे ‘चि. नागसेन यांच्या विवाहानिमित्त’. नागसेन म्हणजे गीताकाकूंचा मुलगा. त्याच्या लग्नातली सगळी भांडी आता ज्योत्स्नाच्या फ्रिजमध्ये आहेर घातल्यासारखी बसली होती.

आणि पीठ गेल्यावर त्याचं लोक काय करत होते, हे ऐकून गृहविज्ञानाच्या पदवीला कापरं भरत होतं. मंजूने ते कुकरमध्ये ओतून तीन शिट्ट्या घेतल्या होत्या. मोतीलालकाकांनी तेलात सोडून गुलगुले तळले. गीताकाकू अप्पे करत. गल्लीत मफिन हा शब्द एकदाही कुणाच्या तोंडून निघाला नाही. सगळे ‘ज्योत्स्नाचं पीठ’ म्हणत, जणू ते तिच्या नावाने रेशनला सुटलं होतं. मंजूने येऊन सल्लाही दिला. “भाभी, या खेपेले पीठ थोडं पतलं आलं. गूळबी कमी. पह्यलेवालं चांगलं होतं.”

“ते तुझ्यासाठी नव्हतं, मंजू.”

“हौ, माहीत हाय ना. म्हणूनच सांगून राह्यली. लेकराच्या तोंडात जाते ते.”

लेकराच्या तोंडात काहीच जात नव्हतं, हेच तर दुःख होतं. सकाळी तीच गत. ओव्हन बंद, म्हणून पुन्हा पोहे, पुन्हा स्टूल, पुन्हा एक शेंगदाणा. आणि आता संध्याकाळीही बिनसलं होतं. दुपारभर भांडी पोचवून कुशल अंधार पडता पडता घरी येई आणि ताटावर बसला की म्हणे, “भूक नाही.” पूर्वी तो निदान अर्धी पोळी उष्टावत असे. ज्योत्स्ना त्याचं कपाळ पाही, जीभ पाही, डोळ्यांखाली बोटाने ओढून पाही. “सगळी दुपार याला उन्हात पळवता तुम्ही,” असं एकदा ती सासूबाईंना बोललीही, आणि नंतर दोन तास तिला स्वतःचाच राग आला.

घरी तोलून पाहायचं म्हटलं तर विमलाबाई आडव्या. “लेकराले घरी तोलत नाईत. नजर लागते.”

“शाळेत तोलतात तेव्हा?”

“ते सरकारचं. सरकारची नजर नाई लागत.”

तेव्हा वाट पाहण्याशिवाय इलाज नव्हता. तिने कुणाला न सांगता एका पिशवीत दोन साड्या, कुशलचे चार कपडे, टॉवेल, साबण भरून ठेवला. चौदा दिवस म्हणजे कमीच होतील, म्हणून आणखी एक साडी. ती पिशवी हेमराजच्या हाती लागली.

“माहेरी निघालीस का?”

“दवाखान्यात.”

पिशवी होती तिथे ठेवून त्याने तिच्याजवळ बसून बराच वेळ पायाच्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाला, “माझाही एक शर्ट टाक.” एकूण वैवाहिक जीवनातलं हे त्याचं सर्वांत चांगलं वाक्य होतं, पण ज्योत्स्नाला ते त्या वेळी लक्षात आलं नाही.

वजनाच्या आदल्या दिवशी, सगळं पुरेसं झालं नव्हतं म्हणून की काय, विजेच्या ऑफिसातून निरीक्षणाला माणूस आला. हातात फाइल, काखेत हेल्मेट.

“बेकरी इधर है?”

ज्योत्स्नाने काही बोलायच्या आत विमलाबाईंनी त्याला आत घेतलं. त्याने ओव्हन पाहायला मागितला. तो पुन्हा खोक्यात गेला होता आणि खोक्यावर धान्याचं पोतं होतं. साचा मागितला. बारा खळग्यांचा मफिनचा साचा ओट्यावरच होता, फक्त विमलाबाईंना तो फार सोयीचा वाटल्यामुळे एकेका खळग्यात मोहरी, जिरं, हळद, मेथी, हिंग अशी बारा फोडणीची मंडळी बसली होती. माणूस त्याच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात मोतीलालकाका खात्यातला माणूस आलेला ऐकून गुलगुल्यांची कढई घेऊनच आले. त्याने चार खाल्ले, फाइल उघडली आणि लिहिलं : ‘स्थल पर मफिन नहीं पाया गया.’ खाली सही, तारीख, शिक्का.

एका सुशिक्षित स्त्रीच्या महिन्याभराच्या कष्टांवर सरकारने दिलेला हा निकाल होता. अपमान एवढाच, की तो खरा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पालकांची रांग होती. समोर काटा, काट्यामागे दीपिका मॅडम, हातात रजिस्टर. ज्योत्स्नाने कुशलचं बोट इतकं घट्ट धरलं होतं की तो दोनदा “आई, दुखते” म्हणाला. पिशवी तिने स्कूटीच्या डिकीत ठेवली होती. तिथूनच थेट जायची वेळ आली तर घरी रडारड नको.

“कुशल. ऊपर आओ.”

कुशल चढला. काटा थरथरला आणि थांबला. मॅडमनी आकडा पाहिला, कार्ड पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला.

“जूते उतारो.”

बूट काढले. मॅडमचं समाधान झालं नाही. “जेब में क्या है?”

कुशलने हाफ पँटच्या दोन्ही खिशांत हात घातला आणि एकेका खिशातून एकेक गुलगुला काढून टेबलावर ठेवला. तेलाचे दोन गोल डाग रजिस्टरवर हळूहळू पसरले.

“ये कहाँ से?”

“मोतीलाल आजोबांनी दिले. रस्त्यात खायले.” शाळेत हिंदी बोलायचं असतं हे आठवून त्याने पुढचं हिंदीत सांगितलं. “रोज देते हैं. पाँच वहाँ खाता हूँ, दो जेब में.”

“पाँच,” मॅडम म्हणाल्या.

“पहले गीता आजी के यहाँ अप्पे खाता हूँ. फिर मंजू चाची के यहाँ केक. फिर गुलगुले. फिर कढई छोड़ने वापस जाता हूँ तो और गुलगुले.”

रांगेतल्या सगळ्या माता ध्यान देऊन ऐकत होत्या. ज्योत्स्नाला वाटलं, धरणीने या वेळी पोटात घ्यायला हरकत नव्हती. पण ती आधी काट्यावरचा आकडा बघून घेणार होती. तिने मान पुढे केली. पंधरा किलो दोनशे. गुलगुले वगळून.

सातशे ग्रॅम. तिने मनात तो आकडा उलटसुलट म्हणून पाहिला. मग ती शेजारच्या लहान मुलांच्या बाकावर बसली. तो बाक तिच्या घोट्याइतका उंच होता. महिन्याभरात प्रथमच तिने पोट भरून श्वास घेतला, आणि तो बाहेर येताना त्याच्याबरोबर थोडं रडू आलं, ते तिने ओढणीत गुंडाळलं.

“बहुत अच्छा,” मॅडम म्हणाल्या, आणि शिक्क्याऐवजी पेनने बरोबरची खूण केली. मग एक फॉर्म पुढे सरकवला. “इसमें भर दीजिए. ‘माता द्वारा किया गया उपाय.’”

ज्योत्स्नाने पेन हातात घेतलं. बत्तीस पानं लिहिलेल्या हाताला एक ओळ सुचेना. खोटं तिला लिहिता येत नव्हतं आणि खरं त्या रकान्यात मावत नव्हतं. शेवटी तिने लिहिलं, ‘घर का बना नाश्ता.’ कुणाच्या घरचा, असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

परत येताना तिने हनुमान चौकाच्या अलीकडे स्कूटी सावलीला थांबवली. कुशल पुढे उभा होता, आरशात तोंड बघत.

“कुशल, तिकडे एवढं खातोस. मग घरी का नाही खात रे?”

त्याने खांदे उडवले.

“गीता आजींचं जास्त चांगलं लागते का?”

“तुझंच पीठ आहे ते.”

“मग?”

तो आरशात थोडा वेळ गाल फुगवून पाहत राहिला. “गीता आजी टीव्ही पाहते. मोतीलाल आजोबा वायर जोडते. मंजू चाची फोनवर बोलते.” मग अगदी साधेपणाने, कुणाची तक्रार न करता तो म्हणाला, “तू माह्या तोंडात पाहत राहते. मग मले गिळताच येत नाई.”

मागून एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला तेव्हा ज्योत्स्नाने स्कूटी सुरू केली. घरी येऊन डिकीतली पिशवी तिने मागच्या खोलीत नेऊन रिकामी केली. साड्या, टॉवेल, साबण, आणि सगळ्यांत वर हेमराजचा घडी घातलेला शर्ट. तो त्याने कधी टाकला होता, तिला कळलंच नव्हतं. तिने तो जरा वेळ हातात धरला आणि मग उगाचच त्याला पुन्हा इस्त्री केली.

संध्याकाळी गीताकाकूंचं लोखंडी अप्पेपात्र मागायला ती स्वतः गेली. काकूंनी ते लगेच दिलं, पण भांडं रिकामं कसं द्यायचं म्हणून सातही खळग्यांत एकेक गुळाचा खडा ठेवून दिला.

“जिंकलीस म्हने तू शाळेत,” काकू म्हणाल्या.

“मी कुठे, काकू. तुम्हीच खाऊ घातलं.”

“आमी काहाले घालतो? तो येते, बसते, खाते, जाते. मी तर माह्या टीव्हीत राह्यते. आमचा नागसेन असाच होता. माह्या सासूकडे पाठ करून जेवे. आता दारातून वाकून येते, इतका ताड झाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराज गेल्यावर ज्योत्स्नाने फ्रिजमधून बरणी काढली, गॅसवर अप्पेपात्र तापवलं आणि चमच्याने पीठ सोडलं. लाइट गेली नाही. सहा मिनिटांत सात गोळे फुगून वर आले, कडेने खरपूस, मधोमध मनुका. त्यांना मफिन म्हणावं की अप्पे, याचा निर्णय तिने पदवीवर सोडला. चार ताटलीत वाढून ताटली कुशलसमोर ठेवली.

स्टूल तिथेच होतं. तिचा पाय सवयीने तिकडे वळला. मग तिने स्टूल उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवलं, आणि परत येऊन फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली.

विमलाबाई देवपूजा अर्धी टाकून दारात आल्या. “फ्रिजाले का पाहून राह्यली?”

“काही नाही, आई. वाचते आहे.”

फ्रिजवर वीज बचतीचं एक जुनं स्टिकर होतं. तिने ते वरपासून वाचायला घेतलं. वर्षाला किती युनिट, किती तारे, कोणत्या साली. मागे काही ऐकू येत नव्हतं. तिच्या मानेवर मुंग्या आल्या. वळून एकदाच, पापणी लवेपर्यंत, बघायला काय हरकत होती? तिने स्टिकर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग ताटली जमिनीवर जराशी सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पाण्याचा घोट. बाहेर प्रेमलालचा पहिला हॉर्न झाला. ती युनिटांच्या आकड्यावर आली. दुसरा हॉर्न झाला.

“आई.”

“हं,” ती स्टिकरला म्हणाली.

“अजून दे.”

ज्योत्स्नाने डाव्या हाताने ओट्यावरचा चमचा चाचपला, अप्पेपात्रातले उरलेले तीन गोळे वाटीत काढले आणि न वळता हात मागे करून वाटी धरली. ती हलकी होईपर्यंत तिने हात तसाच ठेवला.